शेवंता सिस्टर विसरली नव्हती

शेवंते, रविवारी तुझ्या अंगणात सगळे जमणार आहेत. भंतेजी येणार, तुझ्या नोकरीतले लोक येणार, औरादकडची तुझी माहेरची माणसं येणार. काल कलबुर्गीहून तुझ्या सुजाताचा फोन आला. म्हणाली, "मावशी, आईबद्दल तुम्ही बोला. बोलणं जमणार नसलं तर लिहून आणा अन् वाचा." बोलणं जमणार नसलं तर! मला म्हणायली ती हे. जीपमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला भालकी येईपर्यंत घरचं सगळं सांगून मोकळी होणारी मी. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. पण पोरगी बरोबर बोलली बघ. तोंडानं जमणार न्हाई. म्हणून धाकट्या नातवाची अर्धी कोरी वही घेतलीय अन् सकाळपासून लिहायलेय. अक्षर लागत नसलं तर सांभाळून घे.

चार दिवसांमागं दळण घेऊन गिरणीत गेले होते. दोघीजणी बोलायल्या होत्या. मला बघून त्यांनी आवाज बारीक केला, पण नेमकी तेव्हाच गिरणी बंद झाली अन् बोलणं उघडं पडलं. एक म्हणायली, "साऱ्या गावाचं कापलं-भाजलं निस्तरलं त्या बाईनं, पन आपल्या येळंला डोकंच चाललं न्हाई बघ. बांगड्या तशाच हातात घेऊन दवाखान्यात गेली." दुसरी म्हणाली, "घाबरल्यावर कुणाला काय सुचतंय गं?"

वाईट बोलल्या न्हाईत त्या. हळहळूनच बोलल्या. मी पिठाचा डबा उचलला अन् घरी आले.

आणि सुजाताही तेच विचारती. "मावशी, आई एवढी वर्षं नर्स होती. भाजलं की आधी हातातलं काढायचं, हे तिनं मला पाढ्यासारखं पाठ करून घेतलंय. मग तिला स्वतःला कसं सुचलं न्हाई?" तिचं दुःख दोन पदरी आहे. आई गेली ते एक, अन् आई शेवटी चुकली हे दुसरं. मी म्हणाले, "काय सांगू बाळा." दवाखान्यात एकदा, अंत्यविधी झाल्यावर एकदा, अन् काल फोनवर एकदा. दर वेळी एवढंच.

तुला सुचलं होतं. पण ते सांगायचं तर मला माझं सांगावं लागतंय, अन् तिथंच माझी जीभ टाळूला चिकटती.

तू या गावात नवीन बदलून आलीस तेव्हाचं आठवतंय का तुला? हरभरा कापताना माझ्या पायात विळा घुसला होता, घोट्याच्या वर. मला शेतातून उचलून ओसरीवर आणून टाकलं, रक्त थांबेना. सासूबाई हळदीचा डबा घेऊन आल्या. तू सायकलवरून चालली होतीस. बाहेरूनच बघितलंस, सायकल भिंतीला टेकवलीस अन् थेट आत आलीस. "हळद भाजीत टाका. इथं मला फडकं द्या, धुतलेलं." सासूबाईंना तू कोणत्या घरची ते आधीच कळलेलं होतं. त्यांनी फडकं दुरून टाकलं. तू ते झेललंस, घडी करून जखमेवर ठेवलंस, माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतलास अन् दोन्ही हातांनी दाबून बसलीस.

मी सारखी म्हणायचे, "थांबलं का? बघू की."

"बघितलं की पुन्हा वाहतंय. दर मिनिटाला झाकणी काढून बघितल्यावर भात शिजतोय का तुमचा?"

तसाच पाय धरून किती वेळ बसलीस देव जाणे. शेवटी सासूबाईंनाच कसंनुसं झालं असावं. "चहा घेतीस का?" म्हणाल्या. कप मात्र वेगळा काढला होता, कान तुटलेला. तू कपाकडं बघितलंस अन् म्हणालीस, "नको आई, मला हात सोडता येत न्हाई." त्या दिवशी मला वाटलं, बाई किती कामाची. पुढं कितीतरी वर्षांनी, माझ्याच चुलीपुढं बसून चहा पिताना तू सांगितलंस, "आक्का, त्या दिवशी चहाची अशी तलफ आली होती म्हणून सांगू!" मी खाली मान घातली. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास अन् आणखी अर्धा कप मागितलास.

किती भांडलो आपण शेवंते. पाय मुरगळला की मी तेल कोमट करून चोळायला बसायची, अन् तू कुठूनतरी हजर. "आक्का, हात काढ. आत फाटलेलं असतंय, चोळून आणखी फाडायलीस. गार पट्टी ठेव, पाय उशीवर ठेव, अन् त्याला गप पडू दे." मी म्हणायची, "मग माझ्या तेलानं इतके पाय कसे बरे झाले?" "तिसऱ्या दिवशी सूज आपोआप उतरती, अन् नाव तुझ्या तेलाचं व्हतंय." हे भांडण आपलं मिटलं न्हाई. मला अजून वाटतं की तेलात काहीतरी आहे. आता तू न्हाईस तर ते म्हणण्यात मजाही राहिली न्हाई.

अन् माझ्या त्या डबीचं? जुन्या घोंगडीची राख लोण्यात कालवून सासूबाई भाजल्यावर लावायच्या, ती डबी मी त्यांच्यामागं जपून ठेवली होती. तू वास घेतलास अन् माझ्यादेखत उकिरड्यावर फेकलीस. "भाजलं तर पाणी. नुसतं साधं पाणी, वीस मिनिटं. लोणी लावलं की आग आतच कोंडती." मी आठ दिवस तुझ्याशी बोलले न्हाई. नवव्या दिवशी मीच तुझ्या दारात आले. करमतच नव्हतं, करणार काय.

म्हणजे बघ, तुझं सगळं ऐकत गेले मी. डबी सोडली, हळद सोडली, फोड फोडायची सवय सोडली. एकच गोष्ट राहिली, अन् ती अशी वेळेला आडवी आली.

तुझ्या हातात मी कधी काचेची बांगडी बघितली नव्हती. दिवसातून वीस वेळा हात धुणारी तू. मनगटात घड्याळ, बाकी काही न्हाई. आमच्या बायका मागं बोलायच्या, नवरा जिवंत असून हात मोकळा म्हणून. तू म्हणायचीस, "आमच्यात ते मानत न्हाईत, अन् मानत असते तरी मी मानलं नसतं." मग या उन्हाळ्यात माझ्या नातवाचं लग्न निघालं. कमलनगरहून बांगडीवाली आली, घरातल्या साऱ्या बायांचे हात भरायला बसली. मी तुला ओढून आणलं. हिवाळ्यातच तुझ्या नवऱ्याच्या, पंडितअण्णांच्या छातीत हैदराबादला स्प्रिंग बसवली होती, जिवावरचं दुखणं टळलं होतं. मी म्हणाले, "अण्णा वाचले शेवंते, हात भरलेला पाहिजे."

"स्प्रिंग डॉक्टरनं घातली आक्का, बांगडीवालीनं न्हाई."

"माझ्यासाठी घाल."

माझ्यासाठी घातल्यास. नोकरीनं रुंद झालेले तुझे पंजे, बांगडी जाईना. बांगडीवालीनं साबण लावून, बोटं दाबून दाबून चढवल्या, हिरव्यागार. तू हात वर करून म्हणालीस, "हा हात आता कामातून गेला बघ." सगळ्या हसलो.

लग्न पार पडलं. आठ दिवसांनी माझ्या अंगणात कुरडयांचा घाट घातला. गहू भिजवून वाटून काढलेला पांढरा चीक मोठ्या पातेल्यात शिजवायचा म्हणजे एकट्याचं काम न्हाई. एकीनं पातेलं धरायचं, दुसरीनं दांडक्यानं घोटायचं. तू फडक्यानं पातेलं धरलेलं, मी घोटायलेली. अण्णा ओसरीवर बाजेवर बसून वाट बघायले, "गरम चीक साखर घालून मला आधी द्या," म्हणून. तू म्हणालीस, "डॉक्टरांनी साखर बंद केलीय, नुसता वास घ्या."

चुलीचा एक दगड सरकला. पातेलं तुझ्या अंगावर कलंडलं.

शिजलेला चीक कसा असतो ते घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. पाण्यासारखा ओघळून जात न्हाई. खळीसारखा चिकटून बसतो अन् भाजतच राहतो. डावा हात कोपरापर्यंत अन् दोन्ही मांड्या. तू ओरडली न्हाईस. "पाणी," म्हणालीस, "हौदातलं. बर्फ नको." मी तांब्यामागून तांब्या ओतायला लागले. शेजारणी धावल्या. "पाणी टाकू नको गं, फोड येतील!" एकीनं दात घासायची पेस्ट आणली. तू तिला असं बघितलंस की ती मागं सरकली. तू अण्णांना हाक मारलीस, "अहो, घड्याळ बघा. वीस मिनिटं झाली की सांगा." मला म्हणालीस, "लुगडं चिकटलंय तिथलं ओढू नको. भोवतीनं काप. पाणी थांबवू नको." दात एकमेकांवर आपटायलेत, अन् तू मला शिकवायलीस. तू शिकवलेलं सगळं मी करायले.

मग म्हणालीस, "बांगड्या काढ."

मी ओढून बघितली एक. निघेना. चामडीच सरकायली.

"फोड मग. फडकं गुंडाळ अन् फोड."

मी ओसरीकडं बघितलं. अण्णा घड्याळ धरून बसलेले, तोंड पांढरंफटक. शेवंते, माझ्या डोक्यात त्या वेळी काय आलं ते सांगते. हिरव्या बांगड्या. समोर नवरा. चार महिन्यांमागं मरणाच्या दारातून आलेला. अन् मी माझ्या हातानं फोडू? मी म्हणाले, "असलं बोलू नको. फोड म्हणू नको तरी, वाढव म्हण."

तू त्या दुखण्यात हसल्यासारखं केलंस. "बरं आक्का, वाढव. पन लवकर. हात सुजंल."

तू माझा शब्दसुद्धा ठेवलास. तरी मी हलले न्हाई. म्हणाले, "दवाखान्यात काढतील की, तिथं त्यांच्याकडं यंत्र असतंय."

तेव्हा तू हात उचललास. चुलीच्या दगडावर आपटून तू स्वतःच फोडणार होतीस. अन् मी तुझा हात धरला. कोपराच्या वर, जिथं भाजलं नव्हतं तिथं. दोन्ही हातांनी, जोर लावून धरला. आयुष्यभर जोंधळ्याच्या पेंढ्या उचललेल्या हातांपुढं तुझा त्या वेळी काय टिकाव लागणार होता? तू माझ्या तोंडाकडं बघितलंस. मग हात ढिला सोडलास. त्यानंतर बांगड्यांचं नाव काढलं न्हाईस.

ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. लग्नाला भाड्यानं घेतलेली जीप गावातल्याचीच होती, तीच निघाली. स्वच्छ धोतरात तुला गुंडाळून मी मांडीवर डोकं घेतलं. बिदरचा रस्ता संपता संपेना. तुझा हात माझ्या डोळ्यांदेखत वाढायला लागला, भिजवलेल्या कणकेसारखा. बांगड्या आत रुतल्या. बोटं आधी पांढरी झाली, मग काळसर. "बधिर झाली," म्हणालीस. तेव्हा कुठं माझ्यातली ती भीती मेली. मी म्हणाले, "फोडते, शेवंते, आता फोडते." तू डोळे मिटूनच म्हणालीस, "आता न्हाई आक्का. आता काच आत जाईल."

एवढी माझी अक्कल उशिरा आली. अर्ध्या रस्त्यानं.

दवाखान्यात बांगड्या कापल्या. पोरगेलासा डॉक्टर होता. त्यानं विचारलं, "ह्या आधीच कामून काढल्या न्हाईत?" मी तोंड दुसरीकडं केलं. तू शुद्धीवर होतीस, बोलू शकत होतीस. तूही काही बोलली न्हाईस.

पुढचे दिवस मी कसे सांगू. तोंडाला फडकं बांधून दाराच्या काचेतून बघायचं. आत सोडलं तर लांबून उभं राहायचं. चौथ्या दिवशी तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता बोलणार. शिव्या देणार. मी तयार होऊनच वाकले. तू विचारलंस, "कुरडया वाळल्या का?"

"कसल्या कुरडया शेवंते, सगळा चीक मातीत गेला."

"तळाशी राहिला असंल की. तेवढ्याच्या तरी घालायच्या," म्हणालीस.

सहाव्या दिवशी हात मनगटापासून काढला. मग ताप चढला. अकराव्या दिवशी सकाळी तू गेलीस. मी त्या डॉक्टरला व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, "साहेब, खरं सांगा. बांगड्या घरीच फोडल्या असत्या तर?" तो म्हणाला, "हात वाचला असता, बहुतेक. बाकीचं सांगता येत न्हाई आजी. मांड्यांचं भाजणंही खोल होतं." भला माणूस. मला दुखवू नये म्हणून बोलला, का खरंच तसं होतं? मी ते वाक्य दिवसातून शंभर वेळा उलटून बघते. हातातून विष अंगात गेलं का मांडीतून गेलं? कुणाला विचारू? तूच असतीस तर तुला विचारलं असतं. जखमेचं काही असलं की मी तुलाच विचारायची.

तू सुजाताला कामून सांगितलं न्हाईस? अकरा दिवस होती ती दवाखान्यात. मला वाचवलंस का? का तुला वाटलं होतं, बरी होऊन घरी जाऊ अन् चहा पिता पिता आक्काला चांगलं झापू? मला दुसरं खरं वाटतंय. अजून ते झापणं माझं यायचं राहिलंय असं वाटतं. दुपारी दार वाजलं की मी अंग चोरून बसते.

इथवर लिहिलं अन् माझ्यानं बसवेना. वही घेऊन तुझ्या घरी गेले. अण्णा एकटेच होते. मी म्हणाले, "अण्णा, मला तुम्हाला एक सांगायचंय. शेवंता बांगड्या विसरली नव्हती. तिनं तीनदा..."

"मला ठाव हाय, आक्का."

मी उभीच राहिले.

"ओसरीवरून समदं ऐकू येत व्हतं. ती फोड म्हणायली, तुमी न्हाई म्हणायलाव. मी घड्याळ धरून बसलो व्हतो." ते खाली बघायले. "मी एक शब्द बोललो असतो, फोडा म्हणलं असतं, तर तुमी फोडल्या असत्या का न्हाई?"

मी म्हणाले, "फोडल्या असत्या."

"जलमभर लोकांला सांगत आलो, आमच्यात असलं काही न्हाई. अन् त्या दिवशी छातीतली ती स्प्रिंग आठवली अन् जीभच उचलंना. जिवाला भ्यालो, आक्का. माझ्या."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. दोन म्हातारी माणसं, अन् मधी तू. अंगणात तुझी ती हात धुवायची बादली तशीच पालथी. मी विचारलं, "सुजाताला काय सांगू? माझं लिहिलंय मी. तुमचं झाकते." त्यांनी मान हलवली. "माझं बी लिवा. पोरगी म्हणायलीय, आई चुकली. ते मला ऐकवत न्हाई."

म्हणून हे शेवटचं तुझ्याच ओसरीवर बसून लिहायलेय शेवंते, अण्णा सांगायलेत तसं. रविवारी लोकांपुढं वाचायचं ते वाचणारच, पण त्याआधी हे सुजातानं वाचायचं असं आमचं ठरलं. ती आज दुपारच्या गाडीनं कमलनगरला उतरून जीपनं येणार होती. वाचून काय म्हणंल, आमच्याशी पुन्हा बोलंल का न्हाई, आम्हाला ठाऊक न्हाई. अण्णा तीन वेळा पाणी प्याले.

जीप थांबल्याचा आवाज आलाय. अण्णा उठायलेत. मी म्हणाले, बसा तुम्ही, मी जाते पुढं.